पढवलेलं मूल आणि हुकमी उपचार

घटस्फोटाचा दावा चालू असताना मूल एका पालकाला भेटायला नकार देऊ लागलं की नाकारल्या गेलेल्या पालकाच्या वतीनं एक वाक्य हमखास येतं: ‘मुलाला पढवलंय.’ अलीकडे या वाक्यापाठोपाठ एक मागणीही येते. न्यायालयानं या कुटुंबाला थेरपीला पाठवावं, मुलालाही पाठवावं, जो पालक सहकार्य करणार नाही त्याचा ताबा काढून घेण्याचा इशारा द्यावा, आणि थेरपिस्टचा अहवाल पाहून पुढचं ठरवावं. कायद्याच्या चर्चांमध्ये ही मागणी पुरोगामी आणि मानवी म्हणून मांडली जाते. माझा तिला विरोध आहे, आणि तो का आहे हे मला सविस्तर सांगायचं आहे.

आधी मागणी करणाऱ्यांची बाजू नीट मांडायला हवी. ते म्हणतात, भांडणात मूल हत्यार होतं. ज्या घरात ते राहतं तिथले आजी-आजोबा, मामा, काका, आत्या रोज त्याचे कान भरतात आणि वर्षभरात ते मूल बापाला किंवा आईला पाहून पाठ फिरवतं. तारखांवर तारखा पडतात, तोवर नातं सुकून जातं. पोलिस पाठवून भेट घडवणं क्रूर आहे, अवमानाच्या कारवाईत पालकाला तुरुंगात टाकणं त्याहून वाईट. मग तज्ज्ञाच्या खोलीत सगळ्यांना बसवून नातं सांधणं हाच सौम्य उपाय उरतो. मूल नको म्हणतं म्हणून थांबायचं कशाला? मूल शाळेलाही नको म्हणतं, म्हणून आपण त्याला घरी ठेवतो का?

यातलं पहिलं विधान मला पूर्ण मान्य आहे. मुलांचे कान भरले जातात. ही बायकांची खोड किंवा पुरुषांचा कांगावा नव्हे. ज्याच्याकडे मूल असतं त्याच्या हातात ते सामर्थ्य असतं, मग तो कुणीही असो. या विषयावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वारंवार सांगितले जातात, एक २०१७ चा आणि दुसरा २०२४ चा. दोन्ही खटल्यांत मुलं वडिलांकडे होती आणि तक्रार आईची होती. त्यामुळे हा वाद ‘आई विरुद्ध बाप’ असा लढवणं चूक आहे. निरपराध पालकाचं मूल त्याच्यापासून तोडलं जाणं हा खरा अन्याय आहे, आणि तो सोसणाऱ्या बापांचं आणि आयांचं दुःख मी जराही कमी लेखत नाही.

माझा आक्षेप क्रमाला आहे. मूल नकार देतं याची कारणं अनेक असू शकतात. त्यानं मार खाल्लेला असतो. आईला मार बसताना पाहिलेलं असतं. रात्री दारू पिऊन येणाऱ्या माणसाची भीती त्याच्या अंगात बसलेली असते. कधी लैंगिक अत्याचार झालेला असतो. कधी यातलं काहीच नसतं. पालक दोन-तीन वर्षं फिरकलेलाच नसतो आणि मुलाला तो परका वाटतो. कधी शनिवारच्या भेटीमुळे क्रिकेटचा सराव बुडतो एवढंच कारण असतं. आणि कधी खरोखरच त्याला पढवलेलं असतं. यातल्या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. पहिल्या काही कारणांवर उपाय म्हणजे मुलाचं संरक्षण. शेवटच्या कारणावर उपाय म्हणजे पढवणाऱ्याला आवर घालणं. कोणतं कारण खरं हे ठरवायला पुरावा लागतो, उलटतपासणी लागते, आणि शेवटी नाव घालून निर्णय देणारा न्यायाधीश लागतो. थेरपीचा हुकूम ही पायरी ओलांडून पुढे जातो. नकार हाच आजार असं तो गृहीत धरतो आणि मुलाला रुग्ण करून टाकतो. मूल शाळेला नको म्हणालं तर शहाणी आई आधी शाळेत काय घडलं ते विचारते. मास्तर मारतात असं कळल्यावर तिनं मुलाला त्याच मास्तरांसमोर बसवून ‘तुमचं नातं सुधारा’ म्हटलं, तर आपण तिला शहाणी म्हणू का?

ही कल्पना आली कुठून ते पाहिलं की हा दोष तिच्यात पहिल्यापासून आहे हे कळतं. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञानं १९८५ मध्ये ‘पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं. ताब्याच्या भांडणात एक पालक मुलाच्या मनात दुसऱ्याविषयी विष कालवतो आणि मूलही त्या निंदेत सामील होतं, असं त्याचं म्हणणं. गंभीर प्रकरणांत मुलाचा ताबा काढून ज्याला ते नाकारतं त्या पालकाकडे द्यावा आणि जवळच्या पालकाशी संपर्क काही काळ तोडावा, असा सल्ला त्यानं दिला. या मांडणीत मुलाला बाहेर पडायला वाट नाही. त्यानं जोरात नकार दिला तर आजार गंभीर. आईनं मुलाची बाजू घेतली तर तिनंच पढवल्याचा पुरावा. खोटं ठरवता येईल अशी एकही जागा ज्या निदानात नाही, त्याला विज्ञान म्हणत नाहीत. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये आजारांची नवी सूची काढली, तीत या ‘सिंड्रोम’ला जागा दिली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या नव्या वर्गीकरणाच्या शोधसूचीत आलेला ‘पॅरेंटल एलिएनेशन’ हा शब्दही २०२० मध्ये काढून टाकला.

पण न्यायालयांत ती कल्पना टिकली आणि तिच्याभोवती एक धंदा उभा राहिला. ‘रीयुनिफिकेशन’ या नावानं अमेरिकेत खासगी कार्यक्रम निघाले. न्यायालयाचा हुकूम घेऊन मुलांना काही दिवस नाकारलेल्या पालकाबरोबर ठेवायचं, आणि त्यानंतर साधारण ९० दिवस किंवा त्याहून जास्त काळ ज्या पालकावर त्यांचा जीव आहे त्याच्याशी फोनवरसुद्धा बोलू द्यायचं नाही, ही त्यातल्या अनेकांची रीत. खर्च हजारो डॉलर, आणि तो पालकांच्या माथी. या कार्यक्रमांचा उपयोग होतो हे दाखवणारे बरेचसे अभ्यास त्यांच्याशीच संबंधित लोकांनी केलेले, थोड्या कुटुंबांवर बेतलेले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथे एका बहीण-भावाला असाच हुकूम घेऊन आलेल्या खासगी माणसांनी उचलून गाडीत कोंबलं. मुलं किंचाळत होती, प्रतिकार करत होती. ते चित्रण जगभर पाहिलं गेलं. तोवर सभ्य भाषेत लिहिलेल्या हुकुमाचा अर्थ मुलाच्या अंगावर काय होतो, हे त्या दिवशी लोकांना दिसलं.

अमेरिकेत कायदा बदलला तो मुलांचे जीव गेल्यानंतर. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियात केडन मॅन्क्युसो या सात वर्षांच्या मुलीला तिच्या बापानं न्यायालयानं मंजूर केलेल्या, देखरेख नसलेल्या भेटीत ठार मारलं. तिच्या नावानं ओळखली जाणारी तरतूद २०२२ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या केंद्रीय कायद्यात आली. आपल्या कायद्यांत तशा सुधारणा करणाऱ्या राज्यांना ती जादा निधी देते. सुधारणेचा गाभा असा: ज्या उपचाराची सुरक्षितता आणि उपयुक्तता शास्त्रीय पुराव्यानं सिद्ध झालेली नाही तो न्यायालयानं फर्मावू नये, आणि ज्या पालकाशी मूल बांधलेलं आहे त्याच्यापासून त्याला तोडण्यावर आधारलेला उपचार तर मुळीच फर्मावू नये. कोलोराडोनं २०२३ मध्ये त्या धर्तीवर कायदा केला, त्याच वर्षी कॅलिफोर्नियानंही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचाराविषयीच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सालेम यांनी २०२३ च्या अहवालात कौटुंबिक खटल्यांत ‘पॅरेंटल एलिएनेशन’चा वापर कायद्यानंच बंद करावा अशी शिफारस केली. इंग्लंडमधल्या फॅमिली जस्टिस कौन्सिलनं डिसेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शन काढलं, त्यात ‘सिंड्रोम’ची कल्पना स्वीकारलेली नाही. मूल खरोखर नाकारतं आहे का, त्या नकाराला नाकारलेल्या पालकाचं वर्तन कारण नाही ना, आणि दुसऱ्या पालकानं मुलाचं मन प्रत्यक्ष वळवलं का, हे तिन्ही प्रश्न न्यायालयानं पुराव्यावर ठरवायचे. म्हणजे ज्या देशांत ही वाट आधी चालली गेली, तिथे तिच्यावर कुंपण घालण्याचं काम चालू आहे. आपण त्याच वाटेला आता का लागावं?

आपल्याकडे कल्पना पोचलेली आहे. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या ‘सिंड्रोम’चा उल्लेख करून, लहानपणापासून वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा सुरुवातीला एक वर्षासाठी आईकडे दिला. आईच्या सहवासाचा अनुभव मिळाल्याखेरीज मुलीची पसंती खरी मानता येणार नाही, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण त्यानंतर या शब्दाला ताब्याच्या अर्जांत मोकळं रान मिळालं. २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं सावध केलं: वेगळं पाडणारं नेमकं वर्तन, नेमके प्रसंग दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर घाईनं हा शिक्का मारू नये. हा इशारा फार मोलाचा आहे. ज्या शिक्क्यासाठी पुरावा लागतो असं सर्वोच्च न्यायालय म्हणतं, त्याच शिक्क्यावर आधारलेला उपचार पुराव्याआधी कसा सुरू करता येईल?

आता थेरपीच्या खोलीत येऊ. उपचार दोन गोष्टींवर चालतो: बोललेलं बाहेर जाणार नाही हा भरवसा, आणि नको असेल तर उठून जाण्याची मुभा. न्यायालयाच्या हुकुमानं चाललेल्या थेरपीत मुलाला दोन्ही नसतात. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांसाठी १९८८ साली झालेल्या नियमांनी समुपदेशकासमोर सांगितलेली माहिती गोपनीय मानली, पण त्याच नियमांनी मुलाच्या ताब्यासाठी घरचं वातावरण, पालकांचे स्वभाव आणि मुलाशी त्यांचं नातं याविषयी अहवाल देण्याची मुभाही ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हेच तत्त्व पक्कं केलं: मध्यस्थीतली गोपनीयता ताब्याच्या प्रकरणात मुलाशी बोललेल्या समुपदेशकाच्या अहवालाला लागू होत नाही, कारण न्यायालय तिथे मुलाच्या पालकाच्या भूमिकेत असतं. मला हा निकाल पटतो. न्यायाधीशाला मुलाविषयी कळायलाच हवं. पण मग प्रामाणिक निष्कर्षही काढायला हवा. जिथे बोललेलं न्यायाधीशाच्या टेबलावर जातं, ती खोली तपासाची आहे. तिला उपचाराची खोली म्हणणं म्हणजे दहा वर्षांच्या मुलाची फसवणूक. ‘इथे मोकळेपणानं बोल’ असं सांगून त्याच्याकडून काढलेलं वाक्य उद्या त्याच्या आईविरुद्ध किंवा बापाविरुद्ध वाचलं जातं. ते मूल पुन्हा कुठल्या मोठ्या माणसाजवळ मोकळेपणानं बोलेल?

आणि संमती कुणाची? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, संमतीला केंद्रस्थानी ठेवतो. अल्पवयीनाच्या बाबतीत त्याचा कायदेशीर पालक त्याच्या वतीनं उभा राहतो. ताब्याच्या दाव्यात ते पालकच एकमेकांविरुद्ध पक्षकार असतात. एक हो म्हणतो तो दाव्याच्या फायद्यासाठी, दुसरा हो म्हणतो तो ताबा जाईल या भीतीनं. मूल स्वतः काय म्हणतं हे कुणी विचारत नाही. खरं तर १८९० चा पालक व पाल्य कायदा, तोही इंग्रजांच्या काळातला, एवढं तरी मानतो की विचारपूर्वक पसंती सांगण्याइतक्या मोठ्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकेल. ती पसंतीच आजार ठरवणारी पद्धत या १३० वर्षांहून जुन्या कायद्यापेक्षाही मागे जाते.

उपचार करणार कोण, हाही प्रश्न आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. समुपदेशक किंवा ‘फॅमिली थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला मात्र आजवर तसा परवाना लागत आलेला नाही; संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केलेल्या कायद्याचा एक हेतू ही पोकळी भरण्याचा आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४, समुपदेशकांची तरतूद करतो आणि न्यायालयाला वैद्यकीय किंवा कुटुंबकल्याणातल्या जाणकारांची मदत घेऊ देतो. ही मदत न्यायालयासाठी आहे. मुलावर सक्तीचा उपचार करण्याचा अधिकार त्या शब्दांतून ओढून काढणं मला धोक्याचं वाटतं. त्यात आपल्या सगळ्या जिल्ह्यांत कौटुंबिक न्यायालयंही नाहीत. नसतील तिथे हे दावे जिल्हा न्यायालयात चालतात. तालुक्याच्या गावी माहेरी राहणाऱ्या बाईला दर आठवड्याला शहरातल्या खासगी तज्ज्ञाकडे मुलाला घेऊन जायला सांगितलं, तर एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि तज्ज्ञाची फी कोण देणार? दोन-तीन वेळा ती गेली नाही की अर्ज तयार असतो: ‘जाबदार सहकार्य करत नाही.’ तिची गरिबीच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते.

घरगुती हिंसेच्या बाबतीत आपला कायदा यापेक्षा कितीतरी शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५, समुपदेशनाला जागा देतो, पण त्याखालचे २००६ चे नियम स्पष्ट बजावतात की समुपदेशनात हिंसेचं समर्थन करू दिलं जाणार नाही, आणि हिंसा पुन्हा होणार नाही ही हमी मिळवणं हा त्याचा हेतू असेल. मुलाच्या भेटीविषयी तर कायदा आणखी ठाम आहे. भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं दंडाधिकाऱ्याचं मत झालं तर त्यानं ती नाकारलीच पाहिजे. आता त्याच कुटुंबाचा ताब्याचा दावा शेजारच्या इमारतीत चालू असेल आणि तिथे आई, बाप, मूल सगळ्यांनी एकत्र थेरपी घ्यावी असा हुकूम झाला, तर एका कायद्यानं दिलेलं संरक्षण दुसऱ्या दालनात काढून घेतलं जातं. मारणारा आणि मार खाणारा समोरासमोर बसतात, आणि दोघांनी ‘भूतकाळ मागे टाकावा’ अशी अपेक्षा केली जाते. ज्याच्या नावे भूतकाळ आहे त्याला ती सोयीची असते, इतकंच.

‘मग तारखांच्या घोळात नातं मरू द्यायचं का?’ हा प्रतिप्रश्न खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. विलंब हा पढवणाऱ्याचा सर्वांत मोठा मित्र आहे. पण थेरपी विलंब कमी करत नाही. ती आणखी एक तारीख, आणखी एक अहवाल, अहवालावर आणखी एक हरकत निर्माण करते. उपाय न्यायालयाच्या हातात आहे. हिंदू विवाह कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं मुलांच्या पोटगीचा आणि शिक्षणाचा अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं म्हटलं. मुलाच्या भेटीविषयीच्या आणि हिंसेच्या आरोपांविषयीच्या प्राथमिक चौकशीला तशी मुदत का नसावी? शाळेची नोंद, डॉक्टरांचे कागद, शेजाऱ्यांची साक्ष, न्यायाधीशानं चेंबरमध्ये मुलाशी शांतपणे केलेली बातचीत, एवढ्यानं बरंच कळतं. ज्या बापावरचा आरोप खोटा आहे त्याचा सर्वांत मोठा फायदा याच जलद चौकशीत आहे. थेरपीत त्याचं नाव कधीच पूर्ण धुऊन निघत नाही, कारण तिथे खरंखोटं ठरतच नाही.

माझी मागणी म्हणून अशी आहे. पहिलं, मारहाणीचा, अत्याचाराचा किंवा पढवल्याचा आरोप असेल तर त्यावर मुदतीत, पुरावा घेऊन, लेखी निष्कर्ष यावा. त्याआधी कुठलीही एकत्र थेरपी नाही. तोवर भेटी पूर्ण बंद ठेवायची गरज नाही. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी वेगळा कक्ष आहे, तशा जागी देखरेखीखाली भेट होऊ शकते. दुसरं, मुलाला स्वतःचा प्रतिनिधी मिळावा, दोन्ही बाजूंच्या फीवर अवलंबून नसलेला. तिसरं, तपासणारा माणूस आणि उपचार करणारा माणूस एक नसावा, आणि उपचार करणाऱ्याकडून न्यायालयानं अहवाल मागू नये. चौथं, मुलाच्या जवळच्या पालकापासून त्याला तोडणं हा कुठल्याही उपचाराचा भाग असू नये आणि उपचाराला न येण्याची शिक्षा म्हणून ताबा हलवू नये. पाचवं, पढवल्याचं सिद्ध झालं तर सक्ती पढवणाऱ्या मोठ्या माणसावर करावी: त्याला समुपदेशनाला पाठवा, दंड करा, भेटीच्या वेळा आखून द्या, त्या मोडल्या तर कारवाई करा. मोठ्यांच्या गुन्ह्याची दुरुस्ती मुलाच्या मनावर शस्त्रक्रिया करून होत नाही.

ज्या घरांत हिंसा नाही, फक्त कडवटपणा आहे, तिथे स्वखुशीनं घेतलेलं समुपदेशन फार उपयोगी पडतं, आणि न्यायालयांनी ते मोफत व जवळ उपलब्ध करून द्यावं असं मला मनापासून वाटतं. सुचवण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो मुलाच्या ‘नाही’ला ऐकण्याआधी दुरुस्त करायला निघालेल्या व्यवस्थेला. मूल ही पालकांची मालमत्ता नाही, हे आपली न्यायालयं अर्धशतकापासून सांगत आली आहेत. ते तत्त्व खरं असेल तर मुलाच्या नकाराला आधी साक्ष म्हणून ऐका. साक्ष खोटी निघाली, शिकवलेली निघाली, तर शिकवणाऱ्याला जाब विचारा. पण ती न ऐकताच साक्षीदाराला उपचाराला पाठवण्याचा अधिकार कुठल्याही न्यायालयानं स्वतःकडे घेऊ नये.